गल्ल्यात न दिसणारा हिशोब : 'कशासाठी जगतोय' हे मोजता येतं का?



रोजची विक्री आपण मोजतो. उधारी मोजतो, मार्जिन मोजतो, कोणता माल किती महिने रॅकवर पडून आहे तेही मोजतो. पण बॅचमध्ये साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, कोणीतरी हळूच बाजूला घेतं आणि असा एक प्रश्न विचारतं ज्याला वहीत रकानाच नसतो. "सर, धंदा ठीक चाललाय. कर्जही फिटत आलंय. पण सकाळी शटर वर करताना वाटतं, हे सगळं चाललंय कशासाठी?"

हा प्रश्न विचारणारे नुकसानीत असतात असं समजू नका. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उलटंच असतं. ज्याचा सोमवारी चेक पास व्हायचाय त्याला असले प्रश्न सुचायला फुरसत नसते. हप्ते संपतात, पोरं मोठी होतात, दुकान आपलं आपण चालायला लागतं, तेव्हा हा प्रश्न काउंटरवर येऊन बसतो.

व्हिडिओत दहा-बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं बोललो. इथे तोच धडा सविस्तर घेऊ. कागद-पेन जवळ ठेवा, मध्ये सहा वाक्यांची एक चाचणी स्वतःवर करून बघायची आहे.

आधी शब्द साफ करून घेऊ

इंग्रजीत 'पर्पज' म्हणतात. मराठीत कोणी हेतू म्हणतं, कोणी प्रयोजन. हेतू म्हटलं की आपल्याला "तुझा हेतू काय आहे?" असा संशयाचा सूर ऐकू येतो आणि प्रयोजन म्हटलं की निबंध आठवतो. म्हणून मी सरळ 'कशासाठी' हाच शब्द वापरणार आहे.

हे टार्गेट नव्हे. "या दिवाळीत पंधरा लाखांची विक्री" हे टार्गेट झालं. ते गाठलं की संपलं, पाडव्याला नवीन लागतं. 'कशासाठी' असं संपत नाही. समजा एखाद्याला वाटतं, आपल्या भागातल्या माणसाला चांगलं भांडं घ्यायला शहरात जावं लागू नये. हे काम पूर्ण झालं असं कधीच होत नाही, पण माल कोणता ठेवायचा, कोणत्या कंपनीला नाही म्हणायचं, रविवारी दुकान उघडायचं का, हे सगळं त्यावरून ठरत जातं.

आणि हे आनंदाचं दुसरं नावही नाही. इथे जरा थांबू, कारण गोंधळ इथेच सगळ्यात जास्त होतो. २०१३ साली रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जवळपास ४०० लोकांना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या. तुम्ही किती आनंदी आहात, आणि तुमच्या आयुष्याला अर्थ आहे असं किती वाटतं. दोन्ही उत्तरं बऱ्यापैकी बरोबरीने चालतात, पण पूर्ण नाही. जिथे ती वेगळी झाली तिथे गंमत आहे. गरजेच्या गोष्टी विकत घेण्यापुरता पैसा असेल तर आनंद वाढलेला दिसतो, अर्थ वाटण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. उलट काळजी आणि ताण जास्त असणाऱ्यांना आनंद कमी, पण आयुष्याला अर्थ आहे ही भावना जास्त. आपल्याला हे नवीन नाही. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेतलेला बाप झोपतो कमी, पण कशासाठी उठायचं हे त्याला माहीत असतं. म्हणूनच "मी सध्या खूश नाही, म्हणजे माझं आयुष्य निरर्थक आहे" हा हिशोब चुकीचा. दोन वेगळी खाती आहेत, एकाची नोंद दुसऱ्यात करू नका.

मोजायला सुरुवात कोणी केली

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. नाझींच्या छळछावण्यांतून ते जिवंत बाहेर आले आणि १९४६ साली त्यांनी तिथल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. माणसाला जगायला 'कशासाठी' लागतं, हा त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा. पण ते निरीक्षण होतं, माप नव्हतं. माप बनवलं जेम्स क्रंबो आणि लिओनार्ड माहोलिक या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी, १९६४ मध्ये. 'पर्पज इन लाइफ टेस्ट' असं नाव. प्रश्न २०, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त १४०.

ही चाचणी जगभर वापरली गेली, पण तिच्यात एक खोट आहे आणि ती आपल्या कामाची आहे. तिच्यात आयुष्य कंटाळवाणं वाटतं की उत्साहाचं, आत्महत्येचा विचार मनात आलाय का, असेही प्रश्न आहेत. आता ज्याचं मन आधीच खचलंय त्याला इथे कमी गुण पडणारच. मग त्याच गुणांवरून "बघा, हेतू नसलेले लोक खचलेले असतात" असं म्हणणं म्हणजे तोच माल दोन काट्यांवर टाकून वजन जुळलं म्हणून खूश होणं.

पुढच्या लोकांनी हे सुधारत नेलं. कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये मनाच्या स्वास्थ्याचे सहा भाग मांडले. स्वतःला स्वीकारणं, माणसांशी चांगले संबंध, स्वतःच्या मताने चालणं, भोवतालच्या गोष्टी हाताळता येणं, स्वतःची वाढ होत असल्याची जाणीव, आणि सहावा हा 'कशासाठी'. मोठमोठ्या आरोग्य पाहण्यांमध्ये आज जे प्रश्न वापरतात ते बरेचसे इथूनच आलेत. २००६ मध्ये मायकेल शायर आणि मंडळींनी फक्त सहा वाक्यांची 'लाइफ एंगेजमेंट टेस्ट' बनवली. तुम्ही जे करता त्याला तुमच्या लेखी मोल आहे का, एवढाच तिचा रोख.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते ती त्याच वर्षी मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी आणलेली दहा प्रश्नांची चाचणी. कारण ती एक आकडा देत नाही, दोन देते. पाच प्रश्न 'माझ्याकडे अर्थ आहे' याचे आणि पाच 'मी अर्थ शोधतोय' याचे. दोन्हीकडे ५ ते ३५ गुण. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर एक शिल्लक माल आणि दुसरी मागणी. शिल्लक कमी आणि मागणीही कमी असेल तर तो माणूस थंड पडलाय. शिल्लक कमी पण मागणी जोरात असेल तर तो अस्वस्थ आहे, पण हलतोय. चहाच्या वेळी बाजूला घेणारे बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि त्यांना मी आधी हेच सांगतो की तुमचा प्रश्न हा बिघाड नाही.

बरं, हा 'शोध' चांगला की वाईट, हे देशाप्रमाणे बदलतं! स्टेगर यांनीच २००८ मध्ये जपानी सहकाऱ्यांबरोबर दोन देशांची तुलना केली. अमेरिकेत जे जास्त शोधत होते त्यांच्याकडे अर्थाची शिल्लक कमी दिसली. जपानमध्ये उलटं, शोधणं आणि असणं हातात हात घालून चालत होतं. यावरून एक लक्षात ठेवा. इंटरनेटवर एखादी चाचणी सापडली आणि खाली लिहिलेलं असलं की इतक्या गुणांच्या खाली धोका, तर ती रेषा बहुधा दुसऱ्या देशातल्या लोकांवरून आखलेली असते. तिच्यावरून साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या दुकानदाराने घाबरायचं कारण नाही.

आता कागद घ्या

खालची सहा वाक्यं मी माझ्या शब्दांत, आपल्या लोकांसाठी लिहिली आहेत. धर्ती त्या सहा वाक्यांच्या चाचणीची आहे, पण ही काही अधिकृत चाचणी नव्हे. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण द्या. अजिबात पटत नाही तर १, पूर्ण पटतं तर ५.

१. सकाळी उठल्यावर आजच्या दिवसात काहीतरी करण्यासारखं आहे असं मला वाटतं.
२. मी दिवसभर जे करतो त्यातलं बरंचसं केलं काय, न केलं काय, सारखंच.
३. माझा वेळ ज्या गोष्टींत जातो त्यांची मला स्वतःला किंमत आहे.
४. माझ्या आयुष्याला नेमकी दिशा नाही असं वाटत राहतं.
५. माझ्यासाठी महत्त्वाचं काय, हे मी कोणालाही दोन वाक्यांत सांगू शकतो.
६. दिवस येतात आणि जातात, मी नुसता ढकलतोय.

गुण लिहून झाले? आता २, ४ आणि ६ ही उलटी वाक्यं आहेत. त्यांचे गुण ६ मधून वजा करायचे. तुम्ही ५ दिले असतील तर १ धरायचा, २ दिले असतील तर ४. मग सगळ्यांची बेरीज. कमीत कमी ६, जास्तीत जास्त ३०.

एक उदाहरण करून बघू. एका किराणा दुकानदाराची उत्तरं समजा ओळीने ४, २, ३, ४, ५, ३ अशी आली. उलटी वाक्यं सुधारली की होतात ४, ४, ३, २, ५, ३. बेरीज २१. यात २१ ला फार भाव देऊ नका, चौथ्या वाक्याचे २ बघा. या माणसाला महत्त्वाचं काय ते पक्कं माहीत आहे, पाचव्याला पैकीच्या पैकी आहेत, आणि तरी दिशा नाही असं वाटतंय. म्हणजे बहुधा त्याला जे महत्त्वाचं वाटतं ते आणि त्याचा रोजचा दिवस यांची गाठ पडत नाहीये. बोलायचं तर यावर बोलायचं.

उलटी वाक्यं कशाला, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. आपल्याकडे सर्व्हेवाला आला की आपण सगळ्याला "हो, हो, चांगलंय" म्हणून त्याला लवकर वाटेला लावतो. स्वतःशीही माणूस हेच करतो. सगळीकडे ५ दिलेत तर बेरीज १८ येते, ३० नाही. आकडाच सांगतो की वाचून उत्तर दिलेलं नाही.

चाचणी कधी करायची यालाही महत्त्व आहे. धनत्रयोदशीच्या आठवड्यात करू नका, तेव्हा काउंटरवर गर्दी असते आणि सगळ्यालाच अर्थ असतो. मोठी उधारी बुडाली त्या दिवशीही नको. श्रावणासारख्या मधल्या, साध्या दिवसांत करा. पुन्हा सहा महिन्यांनी तशाच साध्या दिवशी. तुलना फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी, शेजारच्या दुकानदाराच्या आकड्याशी नाही.

आता माझा एक जादा प्रश्न. हा शास्त्राचा नाही, माझा आहे. २०२० चं लॉकडाउन आठवा. शटर खाली, बाहेर पोलीस, घरात आपण. तसंच दुकान सहा महिने बंद ठेवावं लागलं असं धरून ही सहाच्या सहा वाक्यं पुन्हा सोडवा. दोन बेरजांमध्ये अंतर किती पडलं ते बघा. दोन-तीन गुणांचं अंतर मला साहजिक वाटतं. पण २५ वरून थेट १२ वर आलात, तर तुमच्या सगळ्या 'कशासाठी'चं गोदाम एकाच जागी आहे, आणि त्या जागेचा विमा नाही. नीट बघा, वरच्या एकाही वाक्यात दुकान हा शब्द नाही. मी ज्या चाचण्या सांगितल्या त्याही आयुष्याबद्दल विचारतात, धंद्याबद्दल नाही.

याचा तब्येतीशी काय संबंध

जपानमध्ये 'इकिगाई' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ते. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना एकच प्रश्न विचारला गेला. तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? उत्तरं तीनच : हो, सांगता येत नाही, नाही. मग सात वर्षं या लोकांचा मागोवा घेतला. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 'हो' म्हणणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट निघाला. हृदयविकार, पक्षाघात अशा आजारांनी आणि अपघात-आत्महत्येसारख्या बाहेरच्या कारणांनी झालेल्या मृत्यूंमध्ये हा फरक होता, कर्करोगात नव्हता. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे २०१६ मध्ये अशा दहा अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली, मिळून १,३६,००० हून जास्त माणसं. ज्यांचा 'कशासाठी' पक्का होता त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के कमी. टक्केवारी नीट वाचा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर भलतंच फिरतं. १०० पैकी १७ माणसं वाचली असा याचा अर्थ नाही. एका गटात जिथे १०० मृत्यू झाले असते तिथे तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात तेवढ्याच काळात ८३ झाले, असा अर्थ आहे. आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. पॅट्रिक हिल आणि निकोलस टुरियानो यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ६,००० हून जास्त लोकांची १४ वर्षांची माहिती तपासली, त्यात तरुण, मध्यमवयीन, वृद्ध सगळ्यांतच हा फायदा दिसला.

पण थांबा. ज्या दुकानात एसी आहे त्या दुकानाची विक्री जास्त असते. मग एसी बसवल्याने विक्री वाढते, की ज्याची विक्री आधीच जास्त आहे तोच एसी बसवतो? इथेही तसंच आहे. मधुमेहाने पाय दुखतोय, बाहेर पडता येत नाही, अशा माणसाला इकिगाई विचारलं तर तो "कसलं काय" म्हणणारच. म्हणजे आजारामुळे हेतू गेला, हेतू गेल्यामुळे आजार आला नाही. अभ्यासकांना हे माहीत असतं, म्हणून ते आधीचे आजार, सिगारेट-दारू, शिक्षण हे सगळं हिशोबात धरून फरक पुन्हा काढतात. तरीही फरक उरतो, हे खरं. पण म्हणून कारण सिद्ध झालं असं कोणी म्हणत असेल तर तो विकतोय, शिकवत नाही. "हेतू शोधा आणि दहा वर्षं जास्त जगा" असल्या कोर्सना पैसे देऊ नका.

मला यातला सगळ्यात पटणारा दुवा अगदी साधा वाटतो. एरिक किम आणि सहकाऱ्यांनी (त्यात वर आलेल्या कॅरोल रिफही होत्या) २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ५० च्या पुढच्या ७,००० हून जास्त लोकांची सहा वर्षांची नोंद पाहिली. ज्यांचा 'कशासाठी' जास्त होता ते कोलेस्टेरॉलची तपासणी, कर्करोगाच्या प्राथमिक तपासण्या अशा गोष्टी करून घेण्याची शक्यता जास्त होती, आणि त्यांच्या दवाखान्यात काढलेल्या रात्री कमी होत्या. म्हणजे जादू वगैरे काही नाही. ज्याला पुढे काहीतरी करायचंय तो गाडीचं ऑइल वेळेवर बदलतो.

आता आपल्या लाइनमध्ये बघा. "सीझन संपू दे, मग दाखवतो डॉक्टरला." लग्नसराई संपते, शाळेचा सीझन येतो, मग गणपती, मग दसरा-दिवाळी. वर्ष गेलं. बीपीची गोळी संपलेली असते आणि मेडिकल चार दुकानं सोडून असतं, तरी आपण जात नाही. बारा-बारा तास उभं राहून काम करणाऱ्या या माणसाला कष्टाळू म्हणतात. मला विचाराल तर कष्ट भरपूर आहेत, पण पुढच्या वीस वर्षांत स्वतःला कुठेतरी बघण्याची सवय गेलीये. तुमचे गुण काहीही येवोत, शेवटची शुगर आणि बीपी कधी तपासली ती तारीख त्याच कागदावर लिहा. वर्षाच्या वर गेली असेल तर आधी ते काम.

चार वर्तुळांचं चित्र

ट्रेनिंगच्या धंद्यात एक चित्र सगळीकडे फिरतं. चार वर्तुळं : तुम्हाला काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे, कशाचे पैसे मिळतात. मधोमध लिहिलेलं असतं इकिगाई, आणि खाली 'प्राचीन जपानी रहस्य'. हे चित्र जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश माणसाच्या 'पर्पज'च्या आकृतीत मार्क विन या ब्लॉगलेखकाने २०१४ मध्ये मधला शब्द बदलून इकिगाई टाकला, आणि ते जगभर गेलं. करिअर निवडणाऱ्या मुलांना चित्र वाईट नाही. पण त्यातून असा समज होतो की ज्याचे पैसे मिळत नाहीत ते इकिगाईच नाही.

जपानमध्ये या विषयावरचं महत्त्वाचं पुस्तक १९६६ मध्ये मिएको कामिया यांनी लिहिलं. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या आरोग्यधामात त्यांनी काम केलं होतं. घरापासून तोडलेली, कामधंदा गेलेली माणसं. त्यांच्यातही काहींना जगण्यात रस का टिकतो आणि काहींचा का जातो, हा त्यांचा प्रश्न होता. तिथे पैशाचं वर्तुळ कुठून काढणार? आणि ओसाकीच्या त्या प्रश्नातही पैशाचा उल्लेख नव्हता. नातवंडं, बाग, मित्रांबरोबरचा खेळ, कशानेही 'हो' म्हणता येत होतं.

दुकान पोराच्या हातात दिल्यावर

हा मुद्दा काकालोकांसाठी. पोरगा दुकान बघायला लागला की वडील रोज येऊन गल्ल्यावर बसतात. पोराला वाटतं विश्वास नाही. वडिलांना विश्वास आहे, पण दुसरीकडे बसायला जागाच नाही. निवृत्तीने 'कशासाठी' कमी होतं असं आपण धरून चालतो, पण २०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरीने उलटं दिसलं. निवृत्तीनंतर ते वाढलं, आणि वाढ जास्त करून कमी आर्थिक-सामाजिक स्तरातल्या, मनासारखी नसलेली नोकरी सोडलेल्या लोकांमध्ये होती. आपला दुकानदार काही नोकरदार नाही, स्वतः उभं केलेलं दुकान सोडणं वेगळंच दुखतं. पण यावरून एक प्रश्न तरी विचारता येतो. तुम्हाला जे सुटेल असं वाटतंय ते दुकान आहे, की दुकानात रोज भेटणारी पन्नास माणसं? माणसं असतील तर व्यापारी संघटना, मंदिराची कमिटी, शाळेची व्यवस्थापन समिती, सकाळचा फिरण्याचा ग्रुप, यातलं एक दुकान सोडायच्या दोन वर्षं आधी सुरू करा. सोडल्यावर सुरू करतो म्हणणारे गल्ल्यावरच सापडतात.

मनासारखं नसलेलं काम हा विषय निघालाच आहे तर एमी रेझनेस्की यांचा १९९७ चा अभ्यास सांगतो. लोक आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात. पोटापाण्याचं काम, वर चढायची शिडी, किंवा स्वतःचं म्हणून केलेलं कार्य. त्यांनी ऑफिसात सहायक म्हणून काम करणाऱ्या २४ जणांना वेगळं काढून पाहिलं. काम साधारण तेच, आणि लोक तिन्ही तऱ्हांत जवळपास सारखे वाटले गेलेले. म्हणजे "आमच्या धंद्यात कसला आलाय अर्थ" हे म्हणायच्या आधी तुमच्याच लाइनमधला, तुमच्याच मापाचं दुकान असलेला एक तरी वेगळा माणूस आठवतो का बघा.

तीन गोष्टी सांभाळा

पहिली. ही चाचणी दुकानातल्या मुलांना सोडवायला देऊ नका. मालकासमोर सगळेच उत्साही असतात. आणि पगार वेळेवर नसेल, रविवारची सुट्टी नसेल, तर हेतूच्या गप्पा मारायचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरी. कमी गुण म्हणजे आजार नव्हे. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा आपण नसलो तर बरं असा विचार येतोय, तर हा कागद बाजूला ठेवा, तो यासाठी नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुकानाची दारं उघडी असतानाही फोन करता येतो, मागे गोदामात जाऊन करा.

तिसरी, घरची. बऱ्याच दुकानांत दुपारी अकरा ते चार काउंटर वहिनी सांभाळतात. पाटीवर नाव नसतं, जीएसटीच्या कागदावर नसतं, आणि "तुम्ही हे कशासाठी करता" हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. या वेळी दोन कागद घ्या. दोघांनी वेगवेगळे बसून सोडवा, एकमेकांचे गुण आधी बघू नका, आणि सोडवताना "तू काय लिहिलंस?" असं मधेच विचारू नका. झाल्यावर बेरजा लावत बसण्याऐवजी प्रत्येकाचं सगळ्यात कमी गुणांचं वाक्य एकमेकांना वाचून दाखवा. समोरच्याने त्यावर लगेच उपाय सुचवायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद केल्यावर बोला, जेवण झाल्यावर. कागदांवर तारीख टाकून लक्ष्मीपूजनाच्या वहीत ठेवून द्या, सहा महिन्यांनी लागतील.